मिक्लातमधली बाई

सभेत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, पण त्या दिवशी मी जय्यत तयारीत होतो! बायकोने, सिम्हाने, निर्वाणीचं सांगितलं होतं, "अहो, या घरात एक तर तुमची मराठी पुस्तकं राहतील, नाहीतर मी!" तेव्हा ती सहाशे पुस्तकं इमारतीच्या मिक्लातमध्ये, म्हणजे बॉम्बहल्ल्यात लपायच्या तळघरात, ठेवायची परवानगी मागायची होती. चौदा ओळींचा हिब्रू अर्ज तोंडपाठ होता. इमारतीची सभा सहाला. चारला मी भिंत मोजायला टेप घेऊन खाली उतरलो.

लोखंडी दाराआडून बाईचा आवाज आला. भाषा अनोळखी, हाक मात्र काळीज पिळवटणारी. पुन्हा तीच हाक. पुन्हा तीच! दर खेपेला शेवटचा सूर अर्ध्यावर तुटे, कुणी तोंड दाबल्यासारखा.

बाई कोंडली होती!

मी इतका भित्रा, की दुकानात पाव मागण्याआधी माफी मागतो. आणि घाबरलो की मला मराठीच सुचतं. मी ओरडलो, "बाई, घाबरू नका! मी आहे!"

पुन्हा हाक.

"बाई, घाबरू नका! मी आहे!"

असं किती वेळ चाललं कोण जाणे. सगळी इमारत गोळा झाली. पुढे इमारत समितीच्या अध्यक्ष हेदवाबाई.

"आत कोण आहे?"

"एक बाई. आफ्रिकेतली असावी."

"तुमच्या ओळखीची?" मागून सिम्हाने विचारलं.

हेदवाबाईंनी दारावर हातोडा हाणला. दार उघडलं, आणि तिसऱ्या मजल्यावरचा एरेझ कानांवरचा हेडफोन काढत बाहेर आला! आत बाई नव्हतीच. तारा, यंत्रं, स्पीकर, आणि माली देशातल्या एका गायिकेची जुनी रेकॉर्ड. तिच्यातली एक ओळ कापून तो तिच्यावर ढोल चढवत होता. याला हाउस म्युझिक म्हणतात म्हणे. हाउसमध्ये बापाने करू दिलं नाही, म्हणून इथे!

"सगळं सामान बाहेर!" हेदवाबाई कडाडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही टेप घेऊन काय करत होता?"

चौदा ओळींतली एकही आठवेना. शेवटी सिम्हानेच सांगून टाकलं, "यांची मराठी पुस्तकं इथे ठेवायची आहेत!"

"थांबा, सबा!" एरेझ मला आजोबा म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. मेल्याचा माइक चालूच होता! धडाड् धम्! त्या बाईची हाक, आणि लगेच माझा आवाज: "बाई, घाबरू नका! मी आहे!" हाक, उत्तर, धम्! हेदवाबाईंचा एक पाय आपोआप हलू लागला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पण आवाज वर आला, तर याद राख!"

एरेझने माझ्या टेपकडे पाहिलं. "सबा, ती तुमची पुस्तकं जाड आहेत का?"

आता सहाशे पुस्तकं मिक्लातच्या भिंतींना चिकटून उभी आहेत. वाचत कुणी नाही, पण आवाज टाचणीएवढाही बाहेर जात नाही. तिकडे समुद्रकाठच्या एलात शहरातल्या डिस्कोत म्हणे एरेझचं ते गाणं लागतं, आणि पोरं माझ्या आवाजावर नाचतात. अर्थ कुणाला कळत नाही.

आमच्या इमारतीत तो एकट्या सिम्हाला कळतो. "अडतीस वर्षांत मला कधी म्हणालात का हो, घाबरू नको, मी आहे?"

त्यावर मी चौदा ओळींचं उत्तर लिहिलंय. पाठ व्हायचंय अजून.