एक गाडीभर अडगळ

"एक तर हे टेबल या घरात राहील, नाही तर मी," असं सरोजिनीबाई कर्णिक गेल्या चार वर्षांत निदान चाळीस वेळा म्हणाल्या होत्या. टेबल घरातच होतं आणि बाईही घरातच होत्या. हेरंबराव विमा कंपनीतून निवृत्त झाले त्याच महिन्यात कंपनीने जुनं फर्निचर काढलं, आणि ज्या सागवानी टेबलामागे चौतीस वर्षं घालवली ते हेरंबरावांनी परळच्या सुखनिवास चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दीड खोलीत आणलं. ते दारातून आत कसं शिरलं हे आजही कोणाला नीट सांगता येत नाही. तेव्हापासून कर्णिकांकडे पंगतीला बसणाऱ्या माणसाचे गुडघे टेबलाखाली आणि ताट टेबलाबाहेर असायचं.

त्याच टेबलाशी बसून हेरंबराव रोज सकाळी वॉर्ड ऑफिसच्या सूचना मोबाइलवर वाचत. उद्या पाणी कमी दाबाने येणार, परवा डासांसाठी धूर मारणार, बुधवारी भटक्या कुत्र्यांना लस टोचणार, यातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. प्रत्येक सूचनेला स्वतःची दोन ओळींची प्रस्तावना जोडून ते ती चाळीच्या ग्रुपवर टाकत. ती प्रस्तावना कोणी वाचत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"हे वाचलंत?" सरोजिनीबाईंनी आपला मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "घरातलं जुनं, मोठं सामान पालिका दारात येऊन उचलून नेणार आहे. नुसता अर्ज करायचा."

"वाचलं."

"मग?"

हेरंबरावांनी टेबलावर हात फिरवला. अशा वेळी चौतीस वर्षं ऑफिसात काढलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. घरगुती प्रश्न त्यांनी सार्वजनिक करून टाकला.

"आपल्या एकट्याचं काय घेऊन बसलीस? अख्ख्या चाळीचं काढू. गॅलरीतून चालायला जागा राहिलेली नाही."

ते खोटं नव्हतं. सुखनिवासच्या गॅलरीत प्रत्येक दारापुढे काही ना काही होतं. कुठे गंजलेला कूलर, कुठे तीन पायांचा पलंग, कुठे पेटारा, कुठे नुसताच शिलाई मशीनचा सांगाडा. पाहुण्याला अंग चोरून यावं लागे. सार्वजनिक कामाच्या गडबडीत आपलं टेबल सगळे विसरतील, असा हेरंबरावांचा आतला हिशेब होता.

वॉर्ड ऑफिसात मात्र वेगळंच निघालं. एका इमारतीसाठी खास गाडी हवी असेल तर सामान गाडीभर असलं पाहिजे, आणि तसं अर्जदाराने लिहून द्यायला हवं.

"आणि गाडी रिकामी परत आली तर?" हेरंबरावांनी सहज विचारलं.

"तर अर्जदाराच्या नावावर शेरा पडतो," खिडकीमागची मुलगी म्हणाली. "मागणी खोटी, म्हणून."

शेरा हा शब्द ऐकून हेरंबरावांनी अर्ज पुन्हा वरपासून वाचला. चौतीस वर्षांत त्यांच्या फाइलवर एकही शेरा नव्हता. वाईट नव्हता, तसा चांगलाही नव्हता. चांगला एखादा असता तर बरं झालं असतं असं त्यांना अधूनमधून वाटायचं, पण हे त्यांनी सरोजिनीबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. या वयात पहिलाच शेरा पडायचा आणि तो खोटेपणाचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. तरी चाळीतली अडगळ आठवून त्यांनी सही ठोकली. एक काय, तीन गाड्या भरल्या असत्या.

शनिवारी अकराला गाडी येणार होती. हेरंबरावांनी ग्रुपवर सूचना टाकली की सर्वांनी आठ वाजता सामान खाली चौकात आणावं, रांगेत मांडावं, नाव आणि खोली नंबर लिहून चिकटवावा, आणि मुख्य म्हणजे आणण्यापूर्वी पुसून घ्यावं. पालिकेची माणसं येणार, चाळीची अब्रू आहे.

ही एकच सूचना लोकांनी मनापासून पाळली. शुक्रवारी संध्याकाळपासून चाळीत दिवाळीसारखी साफसफाई सुरू झाली. वर्षानुवर्षं ज्या पलंगाकडे कोणी बघितलं नव्हतं त्याला आंघोळ घातली गेली. अकरा नंबरचा धम्मपाल कांबळे, हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन असलेला व्यवस्थित माणूस, त्याने आपल्या लाकडी मांडणीचे सगळे खिळे नव्याने ठोकले. "उचलणाऱ्याच्या हाताला लागायला नको ना काका," तो म्हणाला. तळमजल्याच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या राधाबाईंनी पत्र्याच्या कपाटाला खोबरेल चोळून ते असं चमकवलं की त्यात त्यांचा चष्मा दिसायला लागला.

साडेआठला चौकात त्रेचाळीस नग रांगेत उभे होते. हेरंबराव यादी घेऊन फिरले. प्रत्येक नगावर चिठ्ठी होती. त्यांचं मन भरून आलं.

पहिली ठिणगी राधाबाईंनी टाकली. धम्मपालच्या मांडणीपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हेरंबा, ह्या कोणाचा रे?"

"धम्मपालचं, काकू. टाकायचंय."

"टाकूचाच आसा तर माका दी. माझे बरणे जमनीवर आसत."

आता याला नाही कसं म्हणणार? धम्मपालचीही हरकत नव्हती. उलट तो राधाबाईंच्या कपाटाकडे बघत होता.

"काका, हे कपाट एवढं चांगलं आहे. आजींना नकोय खरंच? आमचे कपडे सगळे बॅगांमध्ये आहेत."

हेरंबरावांनी यादीत दोन्ही नगांवर रेघ मारली आणि बाजूला आपली लफ्फेदार सही केली. व्यवहार तोंडी सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग तिसऱ्या मजल्याने पहिल्या मजल्याचा पलंग घेतला, पहिल्या मजल्याने तिसऱ्याचा कूलर घेतला, कारण त्याचा पंखा फिरत होता, फक्त गार वारा येत नव्हता. हेरंबरावांनी यादीला दोन नवे रकाने पाडले, 'कोणाकडून' आणि 'कोणाकडे'. निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांच्यापुढे पुन्हा एकदा माणसं कागद घेऊन रांगेत उभी होती. ते मान खाली घालून लिहीत राहिले, सह्या करत राहिले. चुकून एका बाईंनी स्वतःचाच पेटारा परत मागितला, तेव्हा त्यांनी दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहून तोही नियमात बसवला.

पावणेअकराला त्यांनी बेरीज केली. बेचाळीस नग मार्गी लागले होते. चौकात उरलं होतं एक चाक. ते कशाचं, हे कोणी सांगू शकलं नाही.

हेरंबरावांना तेव्हा कुठे कळलं की आपण काय करून बसलो.

"अरे, थोडं तरी परत आणा," ते ओरडले. पण मांडणीवर बरण्या चढल्या होत्या आणि कपाटात कपडे लागले होते. एकदा घरात गेलेली वस्तू चाळीतून बाहेर काढणं सोपं नसतं, हे टेबलाच्या मालकाला कोणी सांगायला नको होतं.

आणि गाडी बरोबर अकराला आली. कधी नव्हे ती. मुकादम जयवंत खाली उतरला, फॉर्म लावलेला पुठ्ठा काखेत मारून त्याने चौकभर नजर फिरवली.

"सामान कुठाय, काका?"

हेरंबरावांनी चाकाकडे बोट दाखवलं.

"याच्यासाठी ट्रक बोलावलात? मी बाइकवर नेलं असतं." जयवंतने पेन काढलं. "बघा काका, माझं तुमचं काय वैर नाही. पण इथून काही न घेता गाडी नेली तर मला लिहावं लागतं."

"पाच मिनिटं थांबा," हेरंबराव म्हणाले. "एक मोठा नग आहे. मीच आणतो."

जिना चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे चौतीस वर्षं उभी राहिली. कुठल्या कोपऱ्यात शाई सांडली होती, कुठल्या खणात डबा ठेवायचो, सगळं आठवलं. पण नावावर डाग घेऊन त्या टेबलाशी बसण्यापेक्षा ते गेलेलं बरं, असं मन घट्ट करून त्यांनी दार लोटलं.

खोली रिकामी होती. इतकी मोठी खोली आपली आहे हे त्यांना क्षणभर पटेना. मधोमध सरोजिनीबाई पाय लांब पसरून फरसबी मोडत बसल्या होत्या.

"टेबल?" हेरंबरावांनी विचारलं.

"दिलं की सकाळीच. तुम्ही खाली गेल्यावर चौघांनी मिळून उतरवलं, चादर टाकून रांगेत ठेवलं. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, नंबर सांग. सत्तावीस सांगितला. तुम्ही लिहून घेतलंत."

हेरंबरावांनी यादी उघडली. सत्तावीस, टेबल, सागवानी, मोठे. कोणाकडून, कर्णिक. कोणाकडे, कांबळे. शेजारी त्यांचीच सही होती, आणि ती आज विशेष चांगली आली होती.

ते तडक अकरा नंबरला गेले. धम्मपालची मुलगी प्रिती आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होती. वर्षभर ती गॅलरीत फरशीवर पालथी पडून मोठमोठ्या शीट काढायची आणि जाणारे-येणारे तिच्या पट्ट्या ओलांडून जायचे. आज ती टेबलाशी ताठ बसली होती. शीट चारही बाजूंनी पुरून वर जागा उरली होती.

"काका," ती उठून उभी राहिली. "पप्पांना मी म्हटलं, काका हे कधीच देणार नाहीत. तर पप्पांनी तुमची सही दाखवली."

हेरंबरावांनी शीटच्या कडेला दिसणाऱ्या शाईच्या जुन्या डागाकडे पाहिलं. वाईट वाटत होतं, आणि का कोण जाणे, बरंही वाटत होतं. एवढं मोठं टेबल त्यांना स्वतःला कधीच पुरतं वापरता आलं नव्हतं.

"बस, बस. काम कर," एवढंच बोलून ते रिकाम्या हाताने शिक्षा ऐकायला खाली निघाले.

खाली गाडीभोवती गर्दी होती. जयवंत सकाळी माहीमला अर्धी गाडी सामान उचलून आला होता. ती इमारत पाडून टॉवर होणार होता, म्हणून लोकांनी घरंच्या घरं रिकामी केली होती. गाडीतली जागा दाखवायला त्याने मागची फळी खाली पाडली, आणि सुखनिवासने आत पाहिलं.

"तो झोपाळो आधी खाली काढ," राधाबाई काठीने दाखवत होत्या.

"आजी, हे उचललेलं सामान आहे. आता पालिकेचं झालं हे."

"पालिका कोणाची? आमचीच मां?"

जयवंतने डोकं खाजवलं. हे सामान घेऊन डंपिंगला जायचं म्हणजे रांगेत संध्याकाळ होणार, आणि चार वाजता रे रोडला त्याच्या मेव्हणीचा साखरपुडा होता. त्याने एकदा घड्याळ बघितलं, एकदा राधाबाईंकडे बघितलं.

"पटापट उचला," तो म्हणाला आणि झोपाळ्याचं एक टोक त्याने स्वतःच धरलं.

अर्ध्या तासात गाडी झाडून घेतल्यासारखी झाली. दोन वेताच्या खुर्च्या, एक आरशाचं कपाट, सहा फुटी शोकेस असं एकेक जिना चढत होतं. हेरंबराव मध्येच उभे राहून ओरडत होते की अहो, हे उलटं चाललंय, आणि सवयीने लिहूनही घेत होते. शेवटी जयवंतने फॉर्म काढला.

"उचललेले नग. किती लिहू?"

हेरंबरावांना खोटं बोलता आलं असतं. पण रकान्यापुढे त्यांची जीभ वळेना. "आमच्याकडून एक चाक गेलं," ते म्हणाले. "तुमच्याकडून एकवीस नग आले. म्हणजे उणे वीस."

"उणेला जागा नाही फॉर्मात."

"मग मारा शेरा. माझं नाव नीट लिहा. हेरंबमधला ब साधा." आणि त्यांनी यादीची घडी करून खिशात घातली.

जयवंत बराच वेळ लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने सहीसाठी पुठ्ठा पुढे केला. हेरंबरावांनी चष्मा पुसून वाचलं. 'सर्व सामानाची जागच्या जागी विल्हेवाट लागली. नागरिकांचे सहकार्य उत्तम. अर्जदार श्री. कर्णिक यांनी स्वतः उभे राहून विशेष परिश्रम घेतले.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मोबाइलवर फोटो काढताना प्रत्येक वेळी त्यांचाच अंगठा मध्ये येत होता, शेवटी जयवंतनेच काढून दिला. त्या रात्रीचं जेवण हेरंबराव मांडी ऐसपैस घालून जेवले आणि मधूनमधून फोटो मोठा करून बघत राहिले.

मंगळवारी वॉर्ड ऑफिसातून फोन आला. तीच खिडकीमागची मुलगी होती.

"कर्णिक सर, आमच्याकडे सगळ्यात चांगला रिपोर्ट तुमच्या इमारतीचा आलाय. साहेबांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवला. तुमच्याकडे अर्ध्या तासात काम होतं म्हणे. म्हणून साहेब म्हणतात, दर दुसऱ्या शनिवारी गाडी कायमची लावू. शीव आणि माहीम उरकून शेवटी तुमच्याकडे येईल. चालेल ना?"

हेरंबरावांनी दारातून गॅलरीत पाहिलं. झोपाळा आडवा टांगलेला होता. शोकेस जिन्याच्या वळणावर अडकली होती आणि तिच्या मागे तिसऱ्या मजल्याची दोन माणसं कधीची उभी होती. एका वाक्यात खरं सांगून टाकायचं, की बाई, असं असं झालं. मग साहेब कागद परत मागवणार, आणि त्या तीन ओळींवर लाल शाईने काट बसणार.

"सर? ऐकताय ना?"

"पाठवा," हेरंबराव म्हणाले.

सरोजिनीबाई खोलीच्या मधोमध पाय पसरून गवार निवडत बसल्या होत्या. "कोणाचा फोन?"

"वॉर्ड ऑफिसचा." हेरंबरावांनी खोलीवरून सावकाश नजर फिरवली. "आपल्याकडे आता बरीच जागा झालीय, नाही?"

सरोजिनीबाईंनी पसरलेले पाय हळूच जवळ ओढून घेतले.