मागल्या खोलीतील चोवीस पिशव्यांची बखर

॥ श्री ॥ अन्नपूर्णेस नमन, आणि उजेड न मागता जे जे वाढते त्या सर्वांसही नमन. सांगणाराने पाहिले तितके लिहिले, जे पाहिले नाही ते भिंतीपलीकडून ऐकिले. उणे असेल ते वाचणाराने आपल्या मनचे घालून पुरे करावे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, भाद्रपद मास. एक राज्य होते. त्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. विस्तार म्हणावा तर तीन खोल्या, एक न्हाणी आणि पडवी. त्यावर वैजयंताबाईसाहेब अंमल करीत होत्या, वय वर्षे बावन्न. राव दिगंबरपंत चार वर्षांमागे कैलासवासी जाहले, आणि चिरंजीव निनादराव नोकरीनिमित्त दक्षिणेस बंगळुरी राहते जाहले, आणि प्रजा म्हणावी तर कोणी उरले नाही. मग बाईसाहेबांनीच राज्य करावे, बाईसाहेबांनीच केर काढावा, आणि सकाळी चहा गाळून आपणच आपणास 'घ्या' म्हणावे, ऐसा कारभार चालिला. राव होते तोवर चैत्रात आणि संक्रांतीस दारात बायकांच्या चपला मावत नसत. राव गेले आणि गल्लीतील बायका हळदीकुंकवास घरोघर फिरत, त्या या दाराशी आल्या की आवाज खाली करून पुढे जात. वैर कोणाचेच नव्हते. उलट बाईसाहेब स्वभावाने फार चांगल्या, ऐसे सर्वजणी म्हणत, आणि म्हणत म्हणत पुढे जात.

ऐसीयास निनादरावांचा फोन आला. म्हणाले, "आई, तू एकटी राहू नकोस. दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर घर भाड्यानं देऊ आणि तू इकडे ये." बाईसाहेब मागे एकदा महिनाभर तेथे राहून आल्या होत्या. सकाळी आठास सर्वांनी निघावे आणि दिवे लागल्यावर परतावे, आणि मधल्या वेळी बाईसाहेबांनी लिफ्टमधल्या बाईचा आवाज ऐकण्यासाठी उगाच खाली-वर करावे. एकटेपण तेथेही होते, फक्त ते अकराव्या मजल्यावर होते. येथले निदान ओळखीचे. परंतु 'येथे राहून करतेस काय' या प्रश्नास उत्तर नव्हते, आणि दिवाळी दीड महिन्यावर.

मग उत्तर शोधता शोधता शेंगदाणे बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर अळिंबी म्हणजे मशरूम, त्याच्या लागवडीच्या तीन दिवसांच्या शिकवणीची खबर सापडली, आणि बाईसाहेब डबा घेऊन एसटीने स्वारी करित्या जाहल्या. तेथे देवकुळे सर म्हणून गुरू होते. ते फळ्यावर लिहिते जाहले की या पिकास ऊन नको, जमीन नको, अंधार हवा, ओल हवी, आणि त्याला सारखे हात लावू नयेत. बाईसाहेबांनी वहीत उतरून घेतले आणि मनात म्हणाल्या, हे आपल्याला जमेल, चार वर्षं हेच तर करतोय.

राज्याची मागली खोली उत्तरेकडची. ऊन तेथे कधी गेले नाही, भिंतीस बारमाही ओल. राव दोन वर्षे तेथेच अंथरुणास खिळून होते आणि "ही ओल मला खाते गं" म्हणत. राव गेले त्या दिवशी दार लावले ते लावलेलेच होते. आता तेच दार उघडून बाईसाहेबांनी पलंग मोडून पडवीत काढिला, भिंतीस चुना दिला, खिडकीस गोणपाट लाविले, आणि रावांची औषधे ठेवायचा कोनाडा मात्र पुसून तसाच ठेविला. मग टेंपोतून गव्हाचे काड आले. नाक्यावर हौसाबाई म्हणून भाजी विकीत. कोणाच्या दारी काय उतरले, याची खबर प्रथम त्यांस लागे. त्या टोपली सोडून आल्या आणि बोलल्या, "काय ताई, म्हैस घेतली काय? का सुनबाईला काड घालणार हाय?" बाईसाहेबांनी अळिंबीचे सांगितले. हौसाबाईंनी ते समजून घेतले आणि म्हणाल्या, "म्हंजी कुत्र्याच्या छत्र्या. आमच्यात त्या पायानं तुडवत्यात." आणि निघून गेल्या.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघर घट बसले, त्याच दिवशी मोहीम सुरू जाहली. काड रात्रभर भिजविलेले होतेच, ते गरम पाण्यातून काढिले, निथळले, निवविले, मग प्लास्टिकच्या पिशवीत काडाचा एक थर आणि बियाणाचा एक थर ऐसे भरून, तोंड बांधून, सुईने भोके पाडून, चोवीस पिशव्या दोरीने टांगिल्या. सतरा खाली, हात पोचेल ऐशा उंचीस, आणि सात काडवाल्या टेंपोवाल्याच्या हातून वर आढ्याच्या दांडीस. दिवसातून तीन वेळा गोणपाट आणि जमीन भिजवावी, इतकीच चाकरी. आठवे दिवशी काडावर पांढरे जाळे पसरू लागले, साईसारखे, आणि बाईसाहेब दाराशी उभ्या राहून 'काय गं, कशा आहात' ऐसे विचारू लागल्या. हे भिंतीपलीकडून ऐकिलेले आहे.

मग दसरा आला. रीतीप्रमाणे विळी, कात्री, शिवणयंत्र पाटावर मांडून बाईसाहेबांनी हळदकुंकू वाहिले, आणि पोटापाण्याची हत्यारे ती पुजावी, तर पिशव्यांनी काय केले, म्हणून करंडा घेऊन मागल्या खोलीत गेल्या. आत चोवीसजणी ओळीने टांगलेल्या, पांढऱ्या, गप्प, जणू कोणाकडे बोलावणे आले आहे आणि हळद लावणारीची वाट पाहत आहेत. बाईसाहेब उंबऱ्यावर थबकल्या. चार वर्षांत त्यांनी कोणास हळद लाविली नव्हती, आणि कोणी त्यांस लाविली नव्हती. मग त्यांनी वाटीत हळद भिजविली, आणि एकेकीस नीट बोट टेकवून, भोकाभोकाशी, कुंकवासह, भरून लाविली, आणि "या, बसा, घाई करू नका" ऐसे बोलत गेल्या. सतरा जाहल्या. वरच्या सातांसाठी स्टूल आणिले, पण गुडघा वर जाईना. तेव्हा त्या सातजणींस म्हणाल्या, "तुम्ही रागावू नका गं. पुढच्या वर्षी." आणि त्या दुपारी बाईसाहेब पोटभर जेवल्या.

कोजागिरीस सतराही पिशव्यांवर हिरवे डाग उमटले, आणि दोन दिवसांत आंबूस वास सुटला. फोनवर देवकुळे सरांनी विचारिले, काही फवारले काय, धूप घातला काय. बाईसाहेब म्हणाल्या, "नाही. हळदीकुंकू केलं."

"कोणाचं?"

"पिशव्यांचं."

मग सर हळू बोलले, "मॅडम, हळद बुरशीला मारक. आणि आपण वाढवतो ती बुरशीच. आता हळदीनं गेलं का बोटांनी, मी सांगू शकत नाही. पण भोकांना हात लावायचा नव्हता."

मग बाईसाहेबांनी सतरा पिशव्या एकेक करून पडवीपलीकडे खड्ड्यात नेऊन पुरिल्या, आणि परत येऊन बादली धुतली, आणि धुतलेली बादली पुन्हा धुतली. वर सातजणी टांगलेल्याच होत्या. ज्यांस कोणी विचारिले नाही, त्या पांढऱ्याशुभ्र. बाईसाहेबांनी त्यांजकडे पाहिले आणि खिडकीचे गोणपाट भिजविले.

आश्विन वद्य अष्टमीस त्या सात पिशव्या टेंपोवाल्याकडून खाली घेऊन, प्लास्टिक कापून मोकळ्या केल्या, आणि वसुबारसेस काडातून घोसच्या घोस फुटले, करड्या कडांचे, कानाच्या पाळीसारखे मऊ. बाईसाहेबांनी परात भरून नाक्यावर नेली. हौसाबाईंनी हो-नाही करीत मेथी आणि वांग्यांच्या मध्ये जागा दिली. दिवसभर बायका आल्या, वाकून पाहिले, 'हे काय' म्हणाल्या, आणि मेथी घेऊन गेल्या. दिवे लागायच्या वेळेस हौसाबाई स्वतः परात डोईवर घेऊन दारी आल्या. बाईसाहेबांस वाटले, झाले, आता बंगळूर. हौसाबाईंनी परात ओट्यावर ठेविली आणि म्हणाल्या, "कांदा चिर. मेलो तर दोघी मरू, तुझ्या लेकाला एकच खेप पडंल."

मग कांदा, लसूण, तिखट घालून भाजी जाहली आणि तव्यावर भाकरी पडली. हौसाबाईंनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. बाईसाहेबांचा हात ताटावर थांबून राहिला. हौसाबाई म्हणाल्या, "मटनावानी लागतंय की. थोडं वाढ." मग दोघी जेवल्या, आणि बाईसाहेबांनी सतराजणींचे सांगितले, आणि हौसाबाई हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या, आणि पुसता पुसता हसणे सरले. मग म्हणाल्या, "मालक जाऊन मला बारा वर्सं झाली, ताई. टोपली घिऊन दारात गेले तर हळद लावलेला हात भाजी निवडतो, पर आत या म्हनत न्हाई." दुसरे दिवसापासून हौसाबाई गिऱ्हाइकास सांगू लागल्या की ही मी खाल्ली आणि जिवंत आहे, आणि याहून मोठी शिफारस त्या नाक्यावर आजवर कोणत्याही भाजीस मिळालेली नाही.

पाडव्यास निनादरावांनी विचारिले, "मग आई, भाडेकरू बघू ना?" बाईसाहेब म्हणाल्या, "नको. खोली रिकामी नाहीये. आणि मला लांब येता येत नाही रे, तीनदा पाणी द्यावं लागतं." चिरंजीव म्हणाले, "बरं. मला कसं करतात ते सांग, भाजीचं." ते सांगून जाहले.

मग नव्या पिशव्या भरिल्या, हौसाबाई फावल्या वेळी भोके पाडू लागल्या, आणि खोलीच्या दारावर खडूने हुकूम लिहिला: हळदीचा हात आत आणू नये. संक्रांतीस गल्लीत बायका फिरू लागल्या. सरपोतदारवहिनी, ज्या चार वर्षे आवाज खाली करून पुढे जात, त्या पाव किलो अळिंबीसाठी दारात उभ्या राहिल्या, कपाळ भरलेले, हात पिवळे. आतल्या दारावरचा हुकूम लांबूनच वाचिला आणि विचारिले, "मी आत येऊ का?" बाईसाहेब म्हणाल्या, "या. आधी हात धुवा." वहिनींनी न्हाणीत साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि ओले हात पदरास न पुसता, तसेच पुढे धरून आत आल्या. दहा मिनिटे बसल्या. मग गेल्या. घरात पुन्हा गोणपाटातून पाणी ठिबकल्याचा आवाज येऊ लागला.

येणेप्रमाणे या राज्याची हकिकत. मोहिमेत चोवीस उभ्या राहिल्या, सतरा मानाने गेल्या, सात मानावाचून राहिल्या म्हणून वाचल्या. सांप्रत राज्यात पिशव्या साठ, येणारी माणसे थोडी, आणि चहा बहुतेक दिवस एकच कप. परंतु त्या एका दारात मान बिनहळदीच्या हातास आहे, आणि हौसाबाई चपला बाहेर काढून, न विचारता, आत जातात.