देशकर सरांचा सीलबंद पुरावा

देशकर सरांच्या देखत मी किस्से सांगत नाही. एकदा गणपतीत त्यांचाच एक किस्सा जरा मीठमसाला लावून सांगितला. लोक हसत असतानाच मागच्या रांगेतून आवाज आला, “सौजन्य कोणाचं?” दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्याकडून लेखी कबुली घेतली. त्यांनी सांगितलेल्या पद्धतीनं आमच्याकडे वांग्याची भाजी झाली, की वाटीभर त्यांच्या घरी जाते, वर चिठ्ठी : ‘मूळ कल्पना – व. ग. देशकर’. मी दुसऱ्यांच्याच गोष्टी सांगून नातेवाइकांत नाव कमावलेला माणूस. आमच्या हिंदी मुलुखातल्या अख्ख्या तात्यापारा मोहल्ल्यात मला भीती वाटते ती फक्त त्यांची.

सर कॉलेजात व्यापारी कायदे शिकवायचे. रिटायर होऊन जमाना झाला, पण कायदा काही उतरला नाही.

परवा दुपारी ते दारात उभे. हातात खाकी पाकीट आणि डिंकाची बाटली.

“चला. चोर पकडून राहिलो मी. साक्षीदार पाहिजे.”

कॉलेजजवळचा एक झेरॉक्सवाला त्यांच्या हातच्या नोट्स छापून विकतो, असं त्यांना कळलं होतं. प्रत घ्यायची, पाकिटात बंद करायची, पाकिटावर मी सही करायची आणि तडक पोलीस ठाण्यात जायचं.

“मशीन जप्त होईल त्याची. दुकान बंद!”

दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी त्याच दुकानातून त्याच नोट्स मी आणल्या होत्या. बाइंडिंग करून.

स्कूटरवर सर मागे बसून कलमं म्हणत होते. दुकान बंद असू दे, असं मी पुढे बसून म्हणत होतो. दुकान उघडं होतं. मी हेल्मेट डोक्यावरच ठेवलं.

“देशकर सर के नोट्स?” दुकानदार साहूनं गठ्ठा काढून दिला. “लास्ट कॉपी है बाबूजी. मशीन भी बिगड़ी पड़ी है.” मग वाकून माझ्या हेल्मेटात डोकावला. “अरे भैया! बिटिया का रिजल्ट कैसा रहा?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत दोन आरोपी आरामात मावत होते.

“तुमचं घरी पाहू. आधी सही करा.”

सरांनी गठ्ठा पाकिटात घालून ते चिकटवलं, मी जोडावर सही केली. मग ते साहूला म्हणाले, “मैं ही देशकर हूँ.”

साहूचा चेहरा पांढरा पडला. “सर, घर इसी दुकान से चलता है...”

“तो पूछना था न! एक बार पूछना था!”

तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत आली. गळ्यात बीरगांवच्या कुठल्याशा कारखान्याचं ओळखपत्र. शिफ्ट संपवून थेट आली होती, दुसऱ्या दिवशी पेपर होता, नोट्स हव्या होत्या. साहूनं हतबल होऊन पाकिटाकडे बोट दाखवलं.

“सर, बस एक पन्ने का फोटो लेने दीजिए. पेटेंट वाला.”

फोटो! मी डोळे मिटले.

“उसमें क्या देखना है?” सर गुरकावले.

“पेटेंट चौदह साल का रहता है न सर, उसके आगे का भूल गई.”

“चौदह?”

सरांनी पाकिटाकडे पाहिलं. देशानं बाजार उघडला, कायदा बदलला, पेटंट चौदाचं वीस वर्षांचं झालं. पुढच्या मुलांना सरांनी ते शिकवलंही. पण साहूच्या मशीनमधून त्यांची सर्वांत जुनी वही निघत होती.

“सर, फोडू नका,” मी म्हणालो. “पुरावा...”

पाकीट माझ्या सहीच्या मधोमध फाटलं. लाल पेन निघालं. चौदावर काट, वर वीस.

“किती पोट्ट्यांनी हे चौदाच लिहिलं असंल हो?”

आमच्या मुलीला त्या पेपरात मार्क कमी का पडले, ते मला कळलं.

पुढच्या पानावरही लाल रेघ. त्याच्या पुढच्याही. आता ठाण्यात दाखवण्याजोगं काही उरत नव्हतं. साहूनं आपलं स्टूल बाहेर सरकवलं. मुलगी विचारत गेली, सर सांगत गेले. तावातावानं, हातवारे करत, मधेच स्वतःच्याच उदाहरणावर हसत. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्या दारावर ‘शंका विचारण्याची वेळ : ५ ते ७’ अशी पाटी आहे. सर ती रोज फडक्यानं पुसतात. त्या वेळात कुणाला आत जाताना मी कधी पाहिलेलं नाही.

शेवटी मुलीनं मोबाइल काढला.

“फोटो काहे का? पूरा ले जाओ.” सरांनी गठ्ठाच तिच्या हातात ठेवला. मग फाटक्या पाकिटावर आपला पत्ता लिहिला. “पेपर के बाद आके बताना, क्या-क्या पूछा.”

“कितने बजे आऊँ, सर?”

“कभी भी. घर पे ही रहता हूँ,” सर म्हणाले. पेनाचं टोपण लावायला त्यांना जरा वेळ लागला. “दिनभर.”