पोवार फौजदारांची पाण्याची घरं

पोवार फौजदार कुठल्याही घरात शिरले की आधी पाणी मागायचे. चोरी झालेल्या घरात, भावाभावांची डोकी फुटलेल्या घरात, इतकंच काय, आरोपीला उचलायला जायचं त्या घरातसुद्धा. दारातूनच आवाज, "वैनी, वाईच पाणी द्या की!"

एकदा एका फरारी माणसाची आई पाण्याबरोबर गुळाचा खडाही घेऊन आली. फौजदारांनी सावकाश पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, पोटमाळ्यावरच्याला पण द्या. उकडत असंल त्याला." तो खाली आला, पाणी प्याला आणि मुकाट आमच्याबरोबर निघाला.

"पाणी पिताना मान वर जाती," फौजदारांनी मला समजावलं, "तेवढ्यात सगळं घर बघून हुतंय. आन् जिथलं पाणी पिलो तिथं आवाज चढवायचा न्हाय. हे जास्त म्हत्त्वाचं."

मी शिपाई म्हणून रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला शिवाजी पेठेत फिरवलं. नव्या माणसाला ते सहा महिने 'पावणं' म्हणायचे. "चला पावणं, बीट दाखवतो." अकरा घरं, अकरा भांडी पाणी. मोजायची सवय मला पहिल्यापासून. अकराव्या घराबाहेर मी म्हटलं, "साहेब, आता पाणी नको."

"का? तब्येत बरी न्हाय?"

"तब्येत बरी आहे. पण या बीटवर बायकांची सोय कुठं आहे?"

फौजदार कानापर्यंत लाल झाले. मला परत दहाव्या घरात नेऊन सोडलं आणि स्वतः पार गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाठ करून उभे राहिले, जणू तिकडून दंगलच येणार होती.

चार दिवसांनी त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. नऊ घरांची नावं. "हितं बायका पोलिसांनी बिनधास्त जायाचं. सांगून ठेवलंय मी. यादी तुम्हीच सांभाळा, मला याद्या जमत न्हाईत." पेठेतल्या मिरवणुका आणि फुटबॉलचे जल्लोष आम्ही ठाण्यातल्या बायका पोलिसांनी त्या यादीवरच निभावले. आता तिच्यात चौतीस घरं आहेत.

गेल्या पुरात माणसं बाहेर काढताना भिंत कोसळली आणि फौजदार गेले.

ठाण्यात मानवंदना ठरली. तयारीची यादी अर्थातच माझ्याकडे. मांडव, फोटो, हार, बिगूल, सगळ्यापुढे खुणा झाल्या. एकच ओळ अडली: कुटुंबीय. पत्नी कधीच वारलेली, मूलबाळ नाही. खूप शोधल्यावर आजऱ्याची थोरली बहीण सापडली. पुढे कुटुंबासाठी पाच खुर्च्या मांडल्या होत्या. "चार रिकाम्या दिसतील, काढून टाका," मोठे साहेब म्हणाले. मी 'हो' म्हटलं आणि काढल्या नाहीत. इतक्या वर्षांत सांगितलेलं काम मी टाळलं ते एवढंच.

अक्का वेळेवर आल्या. फोटोकडे बघितलं, पदर सावरला आणि मला विचारलं, "त्येच्या पोरी कुठं हायत?"

"अक्का, फौजदारांना मूलबाळ नव्हतं."

"ते मला सांगती व्हय? ठाण्यातल्या पोरी गं! दर रविवारी फोनवर तुमचीच रड. गाडी शिकताना भिंतीवर घातली ती कोण?"

मागच्या रांगेतून एक हात वर आला.

"आन् साहेबास्नी उलटं बोलती ती? बोलल्यावर रडती ती?"

दोन हात.

"आन् ती याद्यावाली?"

"मी," मी म्हटलं.

"तुला लई भ्यायचा बघ त्यो." अक्कांनी शेजारची खुर्ची थोपटली. "उभ्या का? बसा की."

"आम्ही ड्यूटीवर आहोत."

"मग घरचं माणूस म्हणून मी एकटीच बसू व्हय?"

मी मोठ्या साहेबांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. आम्ही चौघी, गणवेशात, टोप्या सावरत बसलो.

बिगूल वाजला. समोर सगळं ठाणं सलामीला उभं राहिलं. आमचे हात उठले, अर्ध्यात थांबले. अशा वेळी घरच्या माणसांनी काय करायचं असतं, एवढं फौजदारांनी शिकवायचं राहून गेलं होतं.