बाबांना मारलेली मिठी

साहेब, आमच्या घराची वाट तुम्ही लावलीत. नाव घेत नाही. अंधेरीला आमच्या ऑफिसात माइक लावून 'माणसं ओळखा' शिकवून गेलात, तुम्हाला बरोबर कळेल. "गप्प माणूस आतून एकटा असतो," म्हणालात. "त्याला जवळ घ्या, मनातलं विचारा." मी म्हटलं, यात काय आहे, आपल्याला सहज जमेल.

मुलुंडला घरी आलो. बाबा लसूण सोलत बसले होते. गिरणीच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, बोलणं मोजकंच. आमच्यात माया म्हणजे बांगड्याचा मधला तुकडा न बोलता दुसऱ्याच्या ताटात सरकवायचा. मी त्यांना घट्ट मिठी मारली आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला आतून कसं वाटतंय?"

त्यांच्या हातातला लसूण खाली पडला.

"रिपोर्ट इलो काय?"

आदल्या दिवशी साखर तपासायला त्यांनी रक्त दिलं होतं, ते मी साफ विसरलो होतो. "तसं काही नाही," म्हणालो आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे हात धरून त्यांच्या डोळ्यांत बघत राहिलो.

"समाजला माका," बाबा म्हणाले.

आमच्या घरात असं जवळ फक्त आजीला घेतलं होतं, ती गेली त्या दिवशी.

बाबांनी फोन केला असणार, रात्रीच्या जेवणाआधी बोरिवलीहून त्यांचे भाऊ सीतारामकाका शहाळी घेऊन हजर. "दशरथा, गावाक जावया," असं बाबांना म्हणत रडायलाच लागले. मानसीने, माझ्या बायकोने, गॅस बंद करून मला आत ओढलं.

"काय लपवतोयस रे?"

"मिठी मारली फक्त."

"तू? बाबांना? का?"

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. साखर ठीक, सगळं ठीक. बाबांनी चष्मा लावून वाचला आणि घडी घातली.

"हो खोटो रिपोर्ट खंयसून हाडलंस?"

"खरा आहे, बाबा."

"मगे मिठी कित्याक मारलंस?"

आता ते धड जेवत नाहीत. गावाला जायची पिशवी भरून दाराशी ठेवलीय. धडधाकट माणूस मरायला बसलाय. मी ओरडून पाहिलं, मुद्दाम भांडण उकरून काढलं. ते माझीच बाजू घेऊन मानसीला समजावतात, "जाऊंदे गो, झिलाचो जीव तुटता."

साहेब, माणसाला जवळ कसं घ्यायचं ते शिकवलंत. मारलेली मिठी परत कशी घ्यायची? उत्तर द्या.