पाच फ्लॉप्या आणि एक गाठ

मारोतरावांना त्यांच्या मुलीने, नीलाने, एवढंच सांगितलं होतं, की पाच फ्लॉप्यांवर एक ते पाच आकडे घाला आणि खाकी पाकिटात ठेवा. पण तीस वर्षं दफ्तरी म्हणून सरकारी कागद बांधलेल्या माणसाच्याने सुटे नग पाकिटात टाकवेनात. (सुट्या कागदाला पाय फुटतात, हे त्यांचं नोकरीतलं एकमेव संशोधन.) त्यांनी पंच काढला, पाचही फ्लॉप्यांच्या कोपऱ्याला भोक पाडलं, हिरवी दोरी ओवली आणि सवयीने अशी गाठ मारली, की कलेक्टरसाहेबांनीही तिला हात लावू नये.

साल अठ्ठ्याऐंशी. मुलीने धंतोलीतल्या डॉक्टर मधुसूदनांच्या दवाखान्यासाठी पेशंटांच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिला होता. तो कॉम्प्युटरवर चढवायचं काम भलतं किचकट, म्हणून तीन आठवडे खपून तिने चढवणारा प्रोग्राम वेगळा केला. पहिली फ्लॉपी घालायची. मग मशीन आपणहून दुसरी मागणार, तिसरी मागणार. घालणाऱ्याला काही कळायची गरज नाही. तिचं हे पहिलंच काम. आज बारापर्यंत चढलं नाही तर पुण्याची कंपनी बोलावतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दवाखान्यात पाकीट उघडलं आणि नीला मटकन स्टुलावर बसली.

"बाबा, भोक काहून पाडलं जी?"

"हरवू नये म्हणून वं. नंबरानं लावल्या."

तिने एक फ्लॉपी उजेडाकडे धरली. नशीब, वेष्टन चौकोनी पण आतली तबकडी गोल. भोक नेमकं मोकळ्या कोपऱ्यात पडलं होतं. आता दोरी तेवढी सोडायची. पण गाठ नखांनी सुटेना, दातांनी सुटेना. नर्स सिंधूताईंनी कात्री पुढे केली, तेव्हा मारोतरावांचा चेहरा असा झाला, जणू ऑपरेशन त्यांचंच आहे. आपलं बांधलेलं आजवर कुणी कापलं नाही, असं ते हळूच पुटपुटले. नीलाने घड्याळाकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं आणि कात्री परत दिली.

"मंग इथं उभे राहा," ती म्हणाली. "हालू नका."

पहिली फ्लॉपी मशीनच्या तोंडात, उरलेल्या चार मारोतरावांच्या तळहातावर. दोरी जेमतेम वीतभर, त्यामुळे ते गाय दोहायला टेकल्यासारखे कॉम्प्युटरपाशी वाकलेले. मशीनने दुसरी मागितली. त्यांनी साहेबापुढे फाईल ठेवावी तशी आदबीने पुढे केली. तिसऱ्या फ्लॉपीला कंबर बोलू लागली. चौथीला शिंक आली; ती त्यांनी गिळली. नरखेडहून आलेल्या एका म्हातारीने दारातून बराच वेळ पाहिलं आणि या बुवाले मशीनले बांधून काय तपासून राहिले, असं सिंधूताईंना विचारलं.

बाराला पाच कमी असताना पडद्यावर काम पुरं झाल्याची ओळ उमटली. डॉक्टर आले. त्यांनी म्हातारीचं नाव घालून पाहिलं, पुन्हा काढून पाहिलं आणि मान डोलावली. मग त्यांची नजर खाली, वाकलेल्या मारोतरावांवर गेली.

"काम चोख आहे," ते म्हणाले. "पण हे काका रोज असेच लागतील काय?"

मारोतरावांनी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"नाही जी," नीला म्हणाली. "ते फक्त चढवताना लागतात."