झकास सूज

आमच्या चामोर्शीच्या दवाखान्यातले लॅबवाले देवाजीभाऊ सुजलेल्या माणसाचं अभिनंदन करतात. गुडघा नारळाएवढा झालेला माणूस कण्हत आत येतो, आणि हे खूश होऊन म्हणतात, "वा, झकास सूज आहे." नाव-गाव त्यानंतर.

मी तिथेच औषधं देतो. म्हणजे देवाजीभाऊंचं व्याख्यान ऐकून आणखी आजारी झालेले लोक माझ्या खिडकीशी येतात. व्याख्यान मला पाठ आहे. काटा घुसला की तिथल्या पेशींच्या आवरणातली चरबी सुटते, तिच्यापासून एक पदार्थ बनतो, आणि त्याच्या मागावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात नि जखमेकडे धावतात. पदार्थाचं नाव ल्युकोट्राईन. धान रोवताना काटा रुतलेल्या बाईला हे नाव कळणं किती गरजेचं, ते तुम्हीच ठरवा. देवाजीभाऊ तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतात. एका लग्नात त्यांना नवरदेवाच्या गालावर फोड दिसला. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते थांबले, हा त्यांचा मोठेपणा.

गेल्या उन्हाळ्यात तलाव आटला, तेव्हा मी हौसेनं मासे धरायला उतरलो. शिंगी माशानं माझ्या उजव्या हातात काटा मारला. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन मला आमच्याच दवाखान्यात झोपवलं. आता सुटका नाही, हे मी ओळखलं. देवाजीभाऊ आले, अभिनंदन झालं, स्टूल ओढून बसले. दुखण्यानं मी वैतागलो होतो. तुमच्या त्या पेशींना जरा कमी धावायला सांगा, असं मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांची इथे बदली होण्याआधीच त्यांची बायको वारली होती, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. तिला ताप येत होता, त्यातच पायात काटा रुतला. पाय लाल झाला नाही, पू झाला नाही. घरचे म्हणाले, किरकोळ आहे. ताप उतरेना, तेव्हा त्यांनी स्वतःच तिचं रक्त तपासलं.

"पांढऱ्या पेशी शोधून राह्यलो, शोधून राह्यलो," ते म्हणाले. "एखाद-दुसरी दिसे. धावाले कोणी होतंच नाई. तिचा पाय सुजला नाई, दिलीप, आन् मले बरं वाटलं होतं."

 

दुपारी त्यांनी आपला डबा उघडला. मला हात उचलवत नव्हता. त्यांनी वरण-भात कालवला, आणि काही न विचारता घास माझ्या तोंडाशी धरला.

"मीठ चुकलं असन," ते म्हणाले. "एकट्यापुरतं रांधलं का अंदाज नाई येत."

मीठ बरोबर आहे, असं मी सांगितलं, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.